एच-इंडेक्सचं काय घेऊन बसलात

संपादक साहेब,

कम्प्युटर नेटवर्किंगवाल्या संशोधकाचं वजनही हल्ली एच-इंडेक्सवर ठरवतात, म्हणजे इंडेक्स २० असेल तर निदान २० पेपर असे की प्रत्येकाला २० तरी सायटेशन (म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत त्याचा उल्लेख). होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्यानं २००५ मध्ये हे काढलं, पण या क्षेत्राला ते नीट बसत नाही असं माझं मत. आता व्हॅन जेकबसन या नेटवर्किंगवाल्या संशोधकाचंच बघा ना, १९८६ मध्ये इंटरनेटवर अशी कोंडी झाली की बर्कलेत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला स्पीड ३२ केबीपीएसवरून (सेकंदाला ३२ हजार बिट) थेट ४० बीपीएसवर (सेकंदाला ४० बिट) आला, मग त्यानं टीसीपीला (इंटरनेटवर डेटा नीट पोचवण्याच्या नियमांना) पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पाठवण्याचं प्रमाण हळूहळू वाढवायला आणि एखादं हरवलं की लगेच हात आखडता घ्यायला शिकवलं, आणि १९८८ च्या सिगकॉम या नेटवर्किंगच्या कॉन्फरन्समध्ये पेपर मांडला. हजारो सायटेशन असले तरी एच-इंडेक्सच्या हिशोबात तो पेपर एकच! आणि आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज, लिहिणाऱ्यांचं काय? अख्खं इंटरनेट त्यांच्यावर चालतं हो, पण प्रमोशनच्या वेळी आधी जर्नल मोजतात, कॉन्फरन्सलाही नाक मुरडतात, जेव्हा या विषयातलं बरंचसं मोठं काम आधी कॉन्फरन्समध्येच येतं. निदान पेपर वाचून तरी मार्क द्या की.

– एक वाचक