मधली सोळा वर्षं

नाशिक,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मीनू,

तुझं पत्र बुधवारी आलं. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईपर्यंत मी दारातच उभी राहून वाचत होते. 'आत्याबाई गावाला गेल्या' एवढ्या एका वाक्यात मालिकावाल्यांनी तुझी भूमिका मिटवली, आणि हे तुला मेकअप करून बसल्यावर कळलं! वाचून जीव जळला. पण त्याहून लागलं ते तुझं शेवटचं वाक्य. "साठीला टेकल्यावर आता मला कोण विचारतंय." लगेच फोन उचलला होता, पण ठेवून दिला. फोनवर मी तुझी समजूत घालत बसले असते आणि ते तुला कधीच आवडत नाही.

त्याऐवजी चार रात्री मी सिनेमे पाहिले. मॉसफिल्मने आपले जुने चित्रपट यूट्यूबवर फुकट ठेवलेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं रशियन आता पार गंजलंय, तरी अधूनमधून एखादं वाक्य अख्खंच्या अख्खं कळतं आणि अंगावर काटा येतो. सुरुवात अर्थातच 'लेत्यात झुराव्ली'ने, म्हणजे 'क्रौंच उडताहेत'ने केली. तुझा सिनेमा. तो पहिल्यांदा पाहून बाहेर पडलो तेव्हा पाऊस होता आणि तू हातात छत्री असून उघडली नव्हतीस.

त्यातला निरोपाचा प्रसंग पुन्हा पाहिला. वेरोनिका बसमधून उतरते, कॅमेरा तिच्याबरोबर उतरतो, गर्दीत घुसतो, आणि मग रणगाड्यांच्या मधून ती पलीकडे पळते. बोरिस युद्धावर निघालाय आणि तिला तो सापडत नाही. शेवटी ती हातातली बिस्किटांची पुडी त्याच्या दिशेने भिरकावते. पुडी फुटते आणि कूच करणाऱ्या सैनिकांच्या बुटांखाली बिस्किटांचा चुरा होतो. बस्स. रडणं नाही, संवाद नाही. तात्याना सामोइलोवा तेव्हा 23 वर्षांची होती आणि तिला क्षयाची बाधा झालेली होती, त्या आजारातच तिने हे काम केलं. 1958 साली कानच्या महोत्सवात या चित्रपटाला पाल्म द'ऑर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं आणि तिचा खास उल्लेख झाला. आणि पुढे? पुढे बाहेरून बोलावणी आली आणि ती सरकारी कचेरीतच अडली. 1967 साली आन्ना कारेनिना मिळाली, समोर आन्नाचा प्रियकर व्रोन्स्की म्हणून वासिली लानोवोय, जो एकेकाळी तिचा नवरा होता आणि तोवर नव्हता. आगगाडीच्या डब्याशी ते एकमेकांकडे बघतात तेव्हा त्या नजरेत काय काय असेल याचा मी पाहताना सारखा विचार करत होते. त्यानंतर तिच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. 2014 मध्ये आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या रात्री ती गेली.

मग एकीकडून दुसरीकडे जात राहिले. या सगळ्या 1932 ते 1936 च्या दरम्यान जन्मलेल्या बायका, मीनू. हिटलरची फौज सोव्हिएत हद्दीत शिरली तेव्हा कुणी पाच वर्षांची, कुणी नऊ. आपल्याला त्या पडद्यावर तरुण आणि देखण्या दिसतात म्हणून हे लक्षात येत नाही. अलीसा फ्राइंडलिख लेनिनग्राडची, शहराला वेढा पडला तेव्हा सात वर्षांचीही झाली नव्हती. त्या हिवाळ्यात मुलांना दिवसाला पाव मिळायचा 125 ग्रॅम. तिची आजी तो पाव ताब्यात ठेवायची आणि घड्याळ बघून मुलांना चिमूटभर तुकडे द्यायची. एकदम खाऊ द्यायची नाही. त्या घड्याळाने आपल्याला जगवलं, असं ती सांगते. मी परवा स्वयंपाकघरात मुद्दाम वजनकाट्यावर 125 ग्रॅम पाव ठेवून पाहिला. बेकरीच्या पावाच्या जेमतेम चार-पाच पातळ चकत्या. त्यात अख्खा दिवस काढायचा, आणि त्यांच्या त्या पावात भेसळही बरीच.

ही बाई तुला 'स्टॉकर'मधून माहीत आहे. शेवटाकडे ती सिगारेट पेटवते, थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि नवऱ्याबद्दल, आपल्या संसाराबद्दल आपल्याशी बोलायला लागते. तू तो प्रवेश एकदा आमच्या गच्चीवर मराठीत करून दाखवला होतास. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1977 मध्ये, तिने 'ऑफिसातलं प्रेम' म्हणावं अशा एका विनोदी चित्रपटात रुक्ष साहेबीणबाई केली होती आणि त्याची पाच कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. तेव्हा ती 42 वर्षांची होती. लेनिनग्राडमध्ये रंगभूमीवर तिचं मोठं नाव होतंच, पण देशभर घराघरांत ती पोहोचली ती या भूमिकेने.

खरं सांगायचं ते पुढे आहे. 1956 हे वर्ष डोळ्यांसमोर ठेव. त्या एका वर्षात दोन मुली उभ्या देशाला ठाऊक झाल्या.

पहिली इझोल्दा इझवित्स्काया. 'एक्केचाळिसावा' या चित्रपटातली लाल सैन्यातली नेमबाज मुलगी. चाळीस शत्रू टिपलेले, एक्केचाळिसावा नेम चुकतो, तो निळ्या डोळ्यांचा अधिकारी कैदी म्हणून तिच्याच ताब्यात येतो आणि एका ओसाड बेटावर दोघंच अडकतात. शेवटी त्याच्या बाजूची होडी येताना दिसते, तो तिकडे धावतो आणि ती गोळी घालते. मग पाण्यात धावत जाऊन त्याला कवटाळते. कॅमेरा उरुसेव्स्कीचा, तोच, ज्याने पुढच्या वर्षी 'झुराव्ली' टिपला. समोरचा नट ओलेग स्त्रिझेनोव. त्याला तू ओळखतेस बरं का! 'परदेसी'तला अफनासी निकितीन तोच, नर्गिसबरोबरचा. रेवदंड्याला गेलो होतो तेव्हा ते निकितीनचं स्मारक पाहिलंस ना, पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या रशियन व्यापाऱ्याचं, तीच कथा.

तर स्त्रिझेनोव पुढे गेला. इझोल्दाही 1957 मध्ये कानला जाऊन आली, चित्रपटाला खास पारितोषिक मिळालं. आणि परतल्यावर तिला तशी भूमिका पुन्हा कुणी दिली नाही. छोटी कामं, मग आणखी छोटी. दारू आली. नवरा सोडून गेला. 1971 साली मॉस्कोतल्या आपल्या घरात ती एकटी मेली आणि ते लोकांच्या लक्षात यायला काही दिवस जावे लागले. 38 वर्षांची होती. हे वाचल्यावर मी तो चित्रपट पुन्हा लावला नाही.

दुसरी ल्युदमीला गुर्चेंको. खारकिवची. शहर जर्मनांच्या ताब्यात असताना ती आईबरोबर तिथेच होती, वडील आघाडीवर. जर्मन सैनिकांपुढे गाऊन-नाचून खायला मिळवलं, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. 1956 च्या डिसेंबरच्या अखेरीस 'कार्निव्हलची रात्र' लागला तेव्हा ती नुकती एकविसाची झाली होती. रियाझानोवचा विनोदी चित्रपट. नव्या वर्षाच्या जलशाला 'गांभीर्य' आणायला निघालेला एक साहेब आणि त्याला चकवणारी तरुण मंडळी. तिने त्यात पाच मिनिटांवर आलेल्या नव्या वर्षाचं गाणं म्हटलंय. ते गाणं रशियात 31 डिसेंबरला अजून वाजतं. तिकिटं जवळजवळ पाच कोटी.

आणि वर्षभरात तिच्यावर वर्तमानपत्रात लेख आला. शीर्षक होतं 'चेचोत्का नालेवो'. चेचोत्का म्हणजे पायांनी ताल धरायचा नाच आणि नालेवो म्हणजे डावीकडे, पण बोलीत त्याचा अर्थ 'वरकमाई'. खाजगी कार्यक्रम करून बेकायदा पैसे घेते, असा आरोप. आपल्या सरांनी हा शब्द शिकवताना किती खुलून सांगितला होता! तेव्हा आपण हसलो होतो. ज्या मुलीचं नाव त्या शीर्षकाखाली होतं तिचं काय झालं, हे मला परवा नीट कळलं. भूमिका थांबल्या. अधूनमधून बारीकसारीक काही, बाकी गावोगावच्या हॉलमधून गाणी. स्वतःचे कपडे स्वतः शिवायची.

1957 ते 1973. सोळा वर्षं, मीनू. बाईच्या आयुष्यातली बावीस ते अडतीस. ज्या वयात नायिका व्हायचं ते सगळं वय.

मग 'जुन्या भिंती' मिळाला. कापडगिरणीची संचालक, प्रौढ, केस घट्ट बांधलेली, कामात बुडालेली बाई. ज्या मुलीला सगळा देश कमरेवरून आणि फेसाळत्या घेरदार झग्यावरून ओळखायचा, तिने हे करावं असं कुणाच्या डोक्यात आलं असेल? पण त्या चेहऱ्यावर सोळा वर्षांचा थकवा खरा होता, आणि तोच त्या भूमिकेला हवा होता. त्यानंतर तिला थांबवणं कुणाला जमलं नाही. आलेक्सेइ गेर्मानचा युद्धपट, मिखाल्कोवचा 'पाच संध्याकाळी', आणि मग 'दोघांसाठी स्टेशन'. मधे एका चित्रीकरणात बर्फावर पडून पायाच्या हाडाचे तुकडे झाले. तरी नाचली.

'दोघांसाठी स्टेशन' तू पाहिलेला नाहीस, तेव्हा एवढंच सांगते. ती रेल्वे स्टेशनातल्या खानावळीत वाढपीण आहे. शेवटी शिक्षा भोगत असलेल्या तिच्या प्रियकराला पहाटे तुरुंगाच्या छावणीत हजेरीला पोहोचायचंय आणि उशीर झालाय. दोघं बर्फातून धावतात, पडतात, उठतात, अंगातली ताकद संपते. छावणी समोर दिसतेय पण पाय उचलत नाहीत. तेव्हा तो बर्फात बसून अॅकॉर्डियन वाजवायला लागतो, पहारेकऱ्यांना ऐकू जावं म्हणून. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसलीय. मी ते दोनदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा मला तिचे वडील आठवले. मार्क गाव्रीलोविच. ते बायान वाजवायचे, म्हणजे त्याच जातीचं वाद्य. ही पोर मोठी नटी होणार, असा त्यांचा ती चिमुरडी असल्यापासून ठाम विश्वास. लढाईवरून परत आले तरी तो तसाच. सगळा देश तिला विसरला तेव्हाही तसाच. ते 1973 साली गेले, 'जुन्या भिंती' झाला त्याच वर्षी.

इझोल्दा आणि ल्युदमीला यांच्यात मला गुणांचा फरक दिसत नाही. मी शोधला, प्रामाणिकपणे. एकीला एक माणूस होता, ज्याला तिच्या नटी असण्याबद्दल शंकाच नव्हती. दुसरीला तो नव्हता. मी चार रात्रींत एवढ्यावर येऊन थांबलेय. चूक असेल तर तू सांग.

आणखी एक बाई सांगायची राहिली, तिच्यावर माझा फार जीव जडलाय. ईया साव्विना. नाट्यशाळेत कधी गेलीच नाही, मॉस्को विद्यापीठात पत्रकारिता शिकली, तिथल्याच विद्यार्थी नाट्यगटात काम केलं आणि 1960 मध्ये चेखवच्या 'कुत्रावाल्या बाई'ची आन्ना झाली. तिचा मुलगा डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला. त्या काळात तिथे अशी मुलं संस्थेत ठेवून द्यायचाच सल्ला मिळायचा. तिने ठेवलं नाही. घरी वाढवलं, त्याला वाचायला, पियानो वाजवायला शिकवलं. पुढे तो चित्रं काढायला लागला. आणि ती आयुष्यभर भूमिका करत राहिली, शिवाय विनी द पूच्या रशियन कार्टूनमधल्या डुकराच्या पिल्लाचा आवाजही तिचाच! नातीला तो ऐकवला तर ती तीन वेळा लाव म्हणाली.

तात्याना दोरोनिनाचं फार लिहीत नाही, जागा संपत आली. फक्त एवढंच. 'प्ल्युश्चिखावरचे तीन पोपलर' मध्ये ती आणि ओलेग येफ्रेमोव टॅक्सीत बसलेत, बाहेर पाऊस, ती खेड्यातून आलेली बाई आहे आणि गाणं म्हणते. वीस वर्षांनी, 1987 साली, मॉस्को आर्ट थिएटर दुभंगलं तेव्हा एका अर्ध्याचा प्रमुख येफ्रेमोव होता आणि दुसऱ्याची दोरोनिना. ज्यांना येफ्रेमोवने बरोबर घेतलं नाही ते नट तिच्याकडे राहिले. ती 54 वर्षांची होती तेव्हा. पुढची तीस वर्षं तिने ते थिएटर चालवलं.

मीनू, तुझ्याकडे ती एकपात्री संहिता पडलीय. मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग मालिका. दरवेळी तू ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीस. मी 1989 साली तुझं पहिलं वाचन ऐकलंय. तू डोळे मिटून पंधरा पानं म्हटली होतीस आणि मला पंखा बंद करायचंही सुचलं नव्हतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. संहिता खाली काढून, पुसून ठेव. मी समोर बसणार आणि तू वाचणार. चहा मी करेन.

तुझीच,
वासंती