पिथियसच्या मुलाचं नाव

विजयदुर्ग,
भाद्रपद वद्य दशमी

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला. "पायरियसला नांगर टाकलाय. मी ठीक." अकरा दिवसांनी आलेल्या एवढ्या पाच शब्दांवर आई रडली आणि मग उठून तिने मोत्याला भाकरी घातली. मला तुझ्या अबोल्याचा राग नाही. फोनवर तू म्हणालीस ते अजून कानात आहे, "अण्णा, बोटीवर आम्ही बावीस जण आहोत. बाकी एकवीस जणांच्या वडिलांनी ऑफिसात फोन केला नाही." तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज सुचलंय असंही नाही. लाल समुद्राचा विषय पत्रात काढणार नाही, असा आईला शब्द देऊन लिहायला बसलोय. लिहून झालं की वहिनी फोटो काढून पाठवेल.

अथेन्सच्या त्या बंदरात तुझी बोट उभी आहे तिथून पश्चिमेला बेट दिसत असेल, ते सालामिस. बत्तीस वर्षं मी ते फळ्यावर खडूने काढलं, प्रत्यक्ष पाहिलं नाही. तू बघ. बेट आणि किनारा यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी बघ. इ.स.पू. 480 मध्ये, याच दिवसांत, सप्टेंबरच्या अखेरीस, इराणचा राजा झर्क्सिस याचं आरमार त्या पट्टीत शिरलं. अथेन्स त्याआधीच जळलं होतं. बायकामुलांना गलबतांत घालून पलीकडे नेलं होतं, काहींना सालामिसवर, काहींना एजिनाला, बऱ्याच जणांना ट्रोइझेनला. ट्रोइझेनच्या लोकांनी परक्या गावच्या त्या मुलांना कुठल्याही झाडाचं फळ तोडायची मोकळीक दिली आणि त्यांना शिकवायला मास्तर नेमून पगारही दिला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. शहर जळतंय आणि मुलांची शाळा बुडू नये याची कुणीतरी काळजी करतंय. प्रत्येक वर्गाला मी हे सांगितलं. परीक्षेत कधी आलं नाही.

अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लिस याला लढाई त्या अरुंद पाण्यातच हवी होती. उघड्या समुद्रात इराण्यांची संख्या भारी पडली असती, अरुंदात तीच त्यांच्या अंगावर आली. पुढची गलबतं वळू पाहतात, मागची पुढे रेटतात, वल्ह्यांत वल्ही अडकतात. वाघोटणच्या खाडीत वाढलेल्या पोरीला हे समजावून सांगायला नको. एकेका गलबतावर तीन रांगांत 170 वल्ही मारणारे, सगळे मिळून दोनशे माणसं. समोरच्या डोंगराच्या उतारावर झर्क्सिस आसन मांडून बघत बसला होता.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्या लढाईची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ज्या ग्रीकांची गलबतं फुटली ते पोहत बेटावर गेले, आणि इराण्यांकडचे पुष्कळ जण पोहता येत नव्हतं म्हणून बुडाले. हे मी वाचलं त्या मे महिन्यात तू सहा वर्षांची होतीस, आणि मी तुला मागच्या विहिरीत उतरवलं. पाठीला डबा बांधला होता. आजी काठावर बसून रामरक्षा म्हणत होती. चौथ्या दिवशी तुला न सांगता मी डबा सोडला आणि तू तशीच हात मारत पायरीपर्यंत गेलीस. वर आल्यावर पाठीला हात लावून बघितलंस आणि माझ्याकडे पाहिलंस, ती नजर मला अजून आठवते. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

म्हणून सांगतो, डेकवर जाताना लाइफजॅकेट घालत जा. नांगरावर आहोत म्हणून ढिलाई नको. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपला की मोबाइल न बघता झोपायचं, झोप अपुरी असली की माणूस साधी गोष्ट चुकतो. आणि वारा पडलेला असला तरी रेलिंगला टेकून

बघ, सुरू झालो. बोटीवरच्या सगळ्या लाइफजॅकेटची आणि लाइफबोटींची जबाबदारी थर्ड ऑफिसरकडे असते, हे तूच मला मागच्या दिवाळीत सांगितलं होतंस. त्या थर्ड ऑफिसरला मी विहिरीच्या काठावरून शिकवतोय. क्षमा कर.

त्याच लढाईत आर्टेमिसिया होती, तुझी लाडकी. हॅलिकार्नाससची राणी, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं बोद्रुम. नवरा वारलेला, मुलगा घरी, आणि ही स्वतःची पाच गलबतं घेऊन झर्क्सिसबरोबर आलेली. लढाईआधी राजाने सगळ्यांचं मत विचारलं तेव्हा समुद्रावर लढू नका, असं सांगणारी ती एकटी. आता हिचं डोकं उडणार, असं बाकीच्यांना वाटलं. राजाने तिचं कौतुक केलं आणि बहुमताचं ऐकलं. तिला जिवंत पकडून देणाऱ्याला अथेन्सने 10,000 द्राक्मांचं बक्षीस लावलं होतं, बाई आपल्यावर चालून येते याचा त्यांना इतका सल होता. पाठलाग चुकवताना तिने आपल्याच बाजूचं एक गलबत धडक देऊन बुडवलं, तो भाग मी वर्गात गाळत असे. तू तो पुढे वाचून आलीस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, "सर, मग ती शूर की नाही?" शाळेत तू मला सर म्हणायचीस. मी म्हटलं, उद्या सांगतो. ते राहूनच गेलं.

कॅप्टन रात्री ब्रिज, म्हणजे बोट हाकायची खोली, तुझ्या हाती सोडून झोपायला जातो, हे मी इथे धक्क्यावर, पोस्टात, वाण्याकडे, सगळ्यांना सांगून झालंय. माझ्या मुलीच्या भरवशावर एकवीस माणसं झोपतात, असं सांगतो. आणि त्याच तोंडाने मी तो फोन केला.

कसा केला ते एकदा लिहू दे, म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल. इ.स.पू. 483 च्या सुमारास अथेन्सच्या लॉरियमच्या खाणींत भरपूर चांदी लागली, हे तुला माहीत आहे. प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राक्मा वाटून द्यायचं चाललं होतं. थेमिस्टोक्लिस म्हणाला, वाटू नका, गलबतं बांधा. ती गलबतं होती म्हणून सालामिस झालं. माझा फंड हातात आला तेव्हा आईला कौलं उतरवून स्लॅब घालायचा होता. मी तिला ही लॉरियमची गोष्ट सांगितली आणि पैसे तुझ्या बोटीवर जाण्याआधीच्या प्री-सी कोर्सला भरले. अजून पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवतो. आई त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. पण तुला समुद्रावर धाडायला पैसे मी मोजले, माझ्या हाताने, सही करून. मग त्या लाल समुद्रातल्या बातम्या सुरू झाल्या, 2023 च्या नोव्हेंबरपासून, जहाजांवर ड्रोन, क्षेपणास्त्रं, खलाशी मेले. मला रात्री पिथियस आठवायला लागला.

पिथियस लिडियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, गडगंज. झर्क्सिसची अख्खी फौज त्याने जेवू घातली आणि आपली सगळी दौलत युद्धासाठी देऊ केली. 2,000 टॅलंट (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी आणि 39,93,000 सोन्याच्या मोहरा. राजा इतका खूश झाला की त्याने ती घेतली नाहीच, उलट वरच्या 7,000 मोहरा घालून चाळीस लाख पुरे करून दिले. मग लिडियाच्या सार्डिस शहरातून फौज निघाली तेव्हा भर दिवसा सूर्य दिसेनासा झाला. पिथियस घाबरला. त्याचे पाचही मुलगे फौजेत होते. तो राजाकडे गेला आणि म्हणाला, बाकीचे चार ने, थोरल्याला तेवढं मागे ठेव. राजा म्हणाला, मी स्वतः माझी मुलं आणि भाऊ घेऊन निघालोय, आणि तू आपला मुलगा मागतोस? थोरल्या मुलाचे दोन तुकडे करून रस्त्याच्या उजव्या आणि डाव्या बाजूला ठेवायला लावले. मधून फौज गेली.

पाचवीत असताना मी तुला हे सांगितलं. सांगायला नको होतं, वय नव्हतं. तू घाबरली नाहीस. म्हणालीस, "त्या मुलाचं नाव काय?" मी पुस्तक उघडलं. बापाचं नाव आहे, बापाच्या बापाचंही आहे. मुलाचं नाही.

त्या सोमवारी मी तुझ्या ऑफिसात फोन लावला आणि म्हटलं, माझ्या मुलीला तेवढं त्या फेरीवर पाठवू नका. तिकडचा माणूस चांगलं बोलला. त्याने बोटीवर कळवलं, आणि कॅप्टनने तुला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत विचारलं. तेव्हापासून तू बोटीवर "जिच्या वडिलांचा फोन आला ती" झालीस. दहा वर्षांत तू मिळवलेलं नाव मी चार मिनिटांच्या फोनमध्ये काढून घेतलं. त्यांनी माझं ऐकून तुला उतरवलं असतं तर? झर्क्सिसशीच झालेल्या थर्मोपायलीच्या लढाईतून परत आलेल्या स्पार्टाच्या अरिस्टोडेमसचं काय झालं ते तुला पाठ आहे. डोळे आले होते म्हणून तो मागे राहिला. तसेच डोळे आलेला युरिटस दासाचा हात धरून लढाईत गेला आणि मेला. अरिस्टोडेमसला स्पार्टात कुणी चुलीला विस्तव देईना, कुणी बोलेना. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत तो सगळ्यांपुढे धावून लढला आणि पडला, तरी त्यांनी त्याला मान दिला नाही, म्हणे तो मरायलाच आला होता.

आणि थर्मोपायलीला नेण्यासाठी स्पार्टाचा राजा लिओनिडास याने तीनशे निवडले ते ज्यांना मुलगे आहेत असेच. वंश बुडू नये म्हणून. मी तरुणपणी हे वाचताना मला त्यात शहाणपण दिसायचं. आता वाटतं, ते तीनशे सगळे बाप होते.

या गोष्टीतून तुला काही शिकवायचं नाही. मला भीती वाटली, एवढंच मला नीट सांगता येत नाही.

तिथून तुम्ही दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्रात जाणार, रुमानियातल्या कॉन्स्टान्त्साला. चानाक्काले मागे पडलं की बोट वळण घेते, तिथे आशियाच्या अंगाला अबिडोस होतं. झर्क्सिसने तिथून पूल बांधला. पहिला वादळाने मोडला तेव्हा त्याने पाण्याला 300 फटके मारवले, बेड्या टाकायला लावल्या आणि पूल बांधणाऱ्यांची डोकी उडवली. नंतरचे दोन टिकले, एकाखाली 360 गलबतं, दुसऱ्याखाली 314, जवसाच्या वाखाच्या आणि पपायरसच्या दोरखंडांनी जोडलेली. फौज ओलांडायला सात दिवस आणि सात रात्री लागल्या. त्या फौजेत सिंधूकाठची माणसंही होती, सुती कपड्यातली, बोरूची धनुष्यं आणि लोखंडी टोकाचे बाण घेतलेली. त्यांच्या घरी ग्रीस कुठल्या दिशेला आहे हे कुणाला सांगता आलं असेल? माझ्याकडे निदान ॲटलास आहे. आणि वळणापुढे आता तो नवा पूल आहे, 2022 मध्ये उघडलेला, मधला गाळा 2,023 मीटरचा. त्याखालून जाशील तेव्हा मान वर करून बघ, मला सांग कसा दिसतो.

अबिडोसला झर्क्सिसने उंचावर बसून आपली सगळी फौज, सगळं आरमार एका नजरेत पाहिलं. आधी हसला, मग रडायला लागला. काकाने विचारलं, काय झालं? म्हणाला, यांतला एकही माणूस शंभर वर्षांनी नसेल. बायो, हा तोच राजा. सार्डिसच्या रस्त्यावरून नुकताच आलेला. मी वर्गात हे दोन प्रसंग नेहमी वेगवेगळ्या तासांना सांगितले, एका तासात मला ते जमायचे नाहीत.

फणसाचे गरे वाळवून ठेवलेत, आमसुलंही. गणपतीत आरतीला तुझी टाळ दादाच्या पोरीने घेतली, तिला ताल नाही पण जोर तुझ्यासारखा आहे. पितृपक्षात आजीच्या तिथीला पान वाढलं तेव्हा कावळा लगेच शिवला. आईचा गुडघा बरा आहे.

ऑफिसात मी पुन्हा फोन करणार नाही. तुला लिहून देतो. कॅप्टनसाहेबांना पत्र लिहून माफी मागू का, असं विचारणार होतो, पण तेही तुला ओलांडून जाणंच झालं. तू म्हणशील तसं.

दार्दानेल्समध्ये तुझा रात्रीचा वॉच असेल तर आठ ते बारा म्हणजे इथे साडेदहा ते अडीच. मी ओटीवर बसेन. त्यासाठी तू काही पाठवायला नको, तुझं लक्ष पाण्यावर असू दे.

तुझे,
अण्णा

ता. क. परत येताना सुएझवरून येणार की आफ्रिकेला वळसा घालून, ते ठरलं का? आई विचारते आहे. मीही.