सोसायटीतील लहान मुलांच्या पालकांसाठी सूचना

नमस्कार. पाऊस उघडल्यापासून खाली बागेत डास फार झालेत. परवा आपल्यातल्याच एका तीन वर्षांच्या मुलीला पापणीजवळ डास चावला आणि सकाळी डोळा उघडेना. घरचे घाबरले, पण गार पाण्याच्या घडीने शेकल्यावर सूज दोन दिवसांत उतरली. लहान मुलांची कातडी अशी पटकन सुजते.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे संध्याकाळीच काळजी घेऊन भागत नाही. खेळायला पाठवताना सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दुपारी झोपवतानाही मच्छरदाणी लावा. डास पळवणारं क्रीम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका. मोठ्या मुलांनाही हाताच्या पंजांना नको, ते तोंडात जातात.

चावल्यावर जागा साबणाने धुवा, गार घडी दहा मिनिटं ठेवा, कॅलामाइन लोशन (खाज कमी करणारं) लावा, नखं कापा. चुना लावू नका. आणि कापूर घातलेलं तेल तर मुळीच नको. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. मधमाशीचा काटा राहिला असेल तर लगेच काढा.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला, अंगभर गांधी उठून उलट्या झाल्या, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, मनाने अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका.

रविवारी सकाळी सगळ्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलर रिकामे करून घासावेत. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.