काकांच्या 800 च्या रंगाबद्दल

गावभाग, सांगली
जुलै अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवल्यापासून काकांची मारुती 800 डोक्यातून जात नाही. गाडी पूर्ण रंगवून घ्यायला कंपनीच्या वर्कशॉपचे 78 हजार आणि साताऱ्यातल्याच एका गॅरेजचे 20 हजार, असे दोन आकडे सांगून तू विचारलंस की यातला खरा कुठला. फोनवर मला धड सांगता आलं नाही, कारण हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. शिवाय या बाबतीत मी एकदा पैसे आणि गाडी दोन्ही खराब करून घेतली आहे. तुझं तसं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हा आमच्या गल्लीची काय अवस्था झाली ते तू येऊन पाहिलं होतंस. माझी वॅगन आर दारांच्या हँडलपर्यंत पाण्यात होती. इंजिन, वायरिंग, सीट यांवर इतका खर्च झाला की रंगाची वेळ आली तोवर हात आखडला होता. एका गॅरेजने 18 हजारांत चार दिवसांत फुल बॉडी करून देतो म्हटलं आणि मी गाडी देऊन टाकली. दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी दारात आली. खरंच नव्यासारखी चमकत होती, आईने ओवाळली सुद्धा.

पुढच्याच श्रावणात दारांच्या खालच्या कडेला मोहरीएवढे फुगे दिसायला लागले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नखाने उचललं तर रंगाचा पापुद्रा हातात यायचा. गॅरेजवाला म्हणाला, पुराच्या गाडीची गॅरंटी नसते. मी भांडलो, पण हातात कागदाचा तुकडा नव्हता.

2021 ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा गाडी मी आधीच उंचावरच्या विश्रामबागला नेऊन ठेवली होती. त्या दिवाळीनंतर मिरजेतले एक वयस्कर पेंटर भेटले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी गाडी पाहिली, किंमत विचारायच्या आधीच खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि दारावरून फिरवलं. वरच्या भागात चुंबक धरायचं, खाली आलं की गळून पडायचं. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं आणि बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भाकरीसारखी सुटून खाली पडली. आत पत्रा गंजून जाळी झाला होता. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात ना, ती पुराच्या गाळाने बंद झालेली. दोन वर्षं पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरत होतं आणि आतच साचत होतं. बाहेरून कितीही रंग मारला असता तरी गंज आतून येणारच होता.

मामा म्हणाले, "साहेब, रंग मारायचं काम अर्ध्या दिवसाचं हाय. बाकीचे आठ दिवस घासण्यात जात्यात. तुमच्याकडनं अर्ध्या दिवसाचे पैसे घेतले, आणि आठ दिवस कुणी दिलेच न्हाईत."

त्या 20 हजारांच्या आकड्याकडे तू असं बघ. त्या पैशात कुणीही माणूस आठ दिवस घासू शकत नाही. मग तो काय करतो? जुन्या रंगावर वरवर घासायचा पेपर फिरवतो, खड्ड्यात लांबी भरतो, लाइट आणि बीडिंग (कडेच्या पट्ट्या) न काढता त्यावर टेप लावतो आणि फवाऱ्याची गन चालवतो. टेपच्या कडेला रंगाची धार राहते आणि पापुद्रा तिथूनच सुटायला लागतो. शिवाय रंगात हलका थिनर, आणि बहुतेक वेळा साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला जुने लोक ड्युको म्हणतात. तो पटकन वाळतो, बफिंग केलं की झळकतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत खडूसारखा पांढुरका पडतो. तुला पाहिजे तो टू-के म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. दर विचारताना पहिला प्रश्न हाच: एनसी की पीयू?

आत्ता काकांच्या गाडीवर कुठला रंग आहे हेही तपास. मागे एकदा डावा दरवाजा आणि फेंडर रंगवला होता ना? दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घास. रंग फडक्याला लागला तर तो एनसी. त्याच्यावर थेट पीयू मारला तर खालचा थर सुरकुततो. तेवढा भाग पत्र्यापर्यंत उतरवून घ्यावा लागेल, आणि हे पेंटरला आधी सांगितलंस तर मधेच दर वाढणार नाही.

कंपनीच्या वर्कशॉपचे 78 हजार म्हणजे लूट आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे बंद बूथ, म्हणजे रंग मारायची खोली असते, साधारण 60 अंशांवर रंग भाजून काढतात, धूळ बसत नाही. पण 800 साठी इतके पैसे घालायचं कारण नाही, कारण तुझी गाडी पांढरी आहे. तुझं नशीब इथेच मोठं आहे. माझी वॅगन आर चंदेरी. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, गनचा हात थोडा जवळ-लांब झाला तरी ढगासारखे डाग दिसतात, आणि रंगाच्या थरावर क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक चमकीचे, वेगळे हात द्यावेच लागतात. साध्या पांढऱ्याला तसं नाही. सिंगल स्टेजचा पीयू मिळतो, त्याची चमक त्यातच असते. क्लिअरचा डबा, त्याचा हार्डनर, त्याची मजुरी, सगळं वाचतं. नुसत्या या एका गोष्टीने तुझे काही हजार वाचतील आणि रंगात काहीही कमी होणार नाही.

आणि वहिनींना लाल हवा आहे म्हणालास, तर त्यांना माझा नमस्कार सांगून एवढं समजाव. रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालचं, डिकीतलं, सगळंच रंगवावं लागतं, नाहीतर दार उघडलं की पांढरं दिसतं. काम बरंच वाढतं. आरटीओत जाऊन आरसीवर नव्या रंगाची नोंद करावी लागते ते वेगळंच. 2023 ला तू एवढे हेलपाटे घालून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतलीस, पुन्हा त्या खिडकीत उभं राहायची गरज नाही. आणि काकांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी पांढरी आहे. त्यांना तीच ओळखीची आहे.

गाडीचा कलर कोड बॉनेटखाली पत्र्यावर लावलेल्या चकतीवर असतो. मारुतीचा नेहमीचा पांढरा म्हणजे सुपिरियर व्हाइट, 26यू. पण तेच असेल असं धरून चालू नकोस, चकती पुसून वाच. पेंटच्या दुकानात कोड दिला की मशीनवर तोलून रंग बनवून देतात. पेट्रोल टाकीचं झाकण काढून सोबत ने, कार्डावर फवारा मारून घे आणि वाळल्यावर उन्हात नेऊन झाकणाशी ताडून बघ. डब्यातल्या ओल्या रंगावरून काही कळत नाही, आणि दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात तर मुळीच नाही.

माल तू स्वतः आण. मी तसंच केलं. माझा एकूण खर्च 41 हजार झाला: माल 17, पत्राकाम 6, मजुरी 13 आणि एक दिवस बूथ भाड्याने घेतला त्याचे 5. मामांच्या शेडमध्ये घासकाम आणि प्रायमर (रंगाखालचं अस्तर) झाला आणि शेवटच्या फवाऱ्यासाठी गाडी कुपवाड एमआयडीसीतल्या एका बूथमध्ये नेली. तो सुचवला मामांनीच. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे साखर कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडत येते, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा ठिपके पडतात. ओल्या रंगावर ती बसली तर पुन्हा घासणं आलं. साताऱ्यात एमआयडीसीत चौकशी कर, रिकाम्या दिवशी बूथ देणारे भेटतात.

मजुरीत मात्र घासाघीस करू नकोस. कमी करायचं तर काम कमी कर. बंपर, लाइट, आरसे, दारांची हँडलं, चिन्हं, हे सगळं तू आणि पोरगा दोघं मिळून एका रविवारी काढू शकता. 800 ची पुढची-मागची काच रबरात बसवलेली असते. ती मात्र काचवाल्याकडूनच काढून घे आणि रबर नवीन घे, कारण त्या रबराखाली हमखास गंज असतो. दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी कर आणि आत पाणी ओतून बघ, खालून यायला हवं.

मग पेंटरकडे तीन वेळा जायचं. पहिल्यांदा, जुना रंग उतरवून पत्रा उघडा झाला की. गंज कुठे आहे ते तेव्हाच दिसतं, आणि उघड्या पत्र्यावर गंज रोखणारा एपॉक्सी प्रायमर बसल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. लांबी वाईट नाही, पण ती पातळ असावी. खड्डा आधी ठोकून वर काढायचा आणि उरलेलं लांबीने भरायचं. आणि ही लांबी पाणी लावून घासू देऊ नकोस, ती पाणी पिते आणि तेच पाणी पुढे फुगा होऊन बाहेर येतं. दुसऱ्यांदा, प्रायमर घासून झाल्यावर. मामा प्रायमरवर काळ्या रंगाची नुसती धूळ उडवायचे आणि मग 600 च्या पेपरने घासायचे. जिथे काळं राहिलं तिथे खोलगट. बोटाला लागत नाहीत ते खड्डे तसे सापडतात. मी तासभर नुसता बघत बसलो होतो. तिसऱ्यांदा, फवाऱ्याच्या दिवशी. हार्डनरचा डबा तुझ्यासमोर फोडला गेला पाहिजे. जुना अर्धा डबा हवेतली ओल शोषून खराब झालेला असतो.

मामा रंगाचा एक हात मारला की पाच-दहा मिनिटं गन खाली ठेवायचे. मी घाई केली तर म्हणाले, आमच्या शेजारी सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, सतारीवर लाखेचं पॉलिश एका दमात कुणी चढवत नाही. खालच्या थरातला थिनर उडायच्या आत वरचा थर दिला की तो आत कोंडतो आणि बारीक भोकं पडतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याबरोबर ते छातीत गेलं की दमा जडू शकतो आणि मग तो माणूस जन्मभर त्या कामाजवळ उभा राहू शकत नाही. मामा पूर्वी तोंडाला नुसता रुमाल बांधायचे. पायऱ्या चढताना त्यांना थांबावं लागतं. हाताखालचा पोरगा एकोणीस वर्षांचा, तोही रुमालच बांधत होता. मी दोघांना फिल्टरचे मास्क आणून दिले, रंगाच्या मालाच्या यादीतच लिहून टाकले. तूही यादीत लिही. तो खर्च गाडीचाच समज.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गणपतीच्या आत गाडी हवी हा हट्ट सोड. ऑगस्टमध्ये साताऱ्याची हवा ओली, अजिंक्यताऱ्यावरून ढग खाली आलेले. अशा हवेत हार्डनर ओलीशी आधीच भिडतो, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी जमतं, रंग मंद पडतो. पेंटरलाही ते ठाऊक असतं, पण गणपतीआधी नाही म्हणवत नाही. तुळशीचं लग्न झालं की कर. तोवर चकतीचा कोड, थिनरची परीक्षा आणि भोकांची सफाई उरकून घे. माझ्या हिशोबाने बूथ धरून 30 ते 35 हजारांत उत्तम काम होईल. एका साध्या कागदावर लिहून घे: रंग पीयू, कंपनी कोणती, काय काय काढून रंगवणार, किती दिवस. पैसे तीन टप्प्यांत दे, त्याच तीन भेटींच्या वेळी.

गाडी आल्यावर आठवडाभर धुवू नकोस, महिनाभर वॅक्स नको आणि कव्हर तर घालूच नकोस. रंगाला अजून श्वास सोडायचा असतो. तुमच्या दारातल्या चिंचेखाली मुळीच लावू नकोस. पक्ष्यांची घाण नव्या रंगावर एका दुपारीत डाग पाडते. पडलीच तर ओल्या फडक्याने लगेच उचल, घासू नकोस.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी साताऱ्याला येतो. चुंबक माझं मी आणीन. काकांना घेऊन तिघं मिळून दोन-तीन पेंटरांकडे जाऊ, त्यांना पुढच्या सीटवर बसवू. त्याआधी चकतीचा आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेचा फोटो पाठव, जवळून काढलेला.

काका-काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद. येताना भडंग आणि बेदाणा आणतो.

तुझाच,
सांगलीकर