काका, मडकी उतरवली

ती. काकांस साष्टांग नमस्कार,

समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

आषाढातल्या त्या रात्री आमची हिरवी बजी (छोट्या पाळीव पोपटाची मादी) पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून बसली होती. श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. मला वाटलं, पावसाने गारठली. दुखऱ्या गुडघ्यांनी चाळीचे तीन जिने चढून तुम्ही साडेदहाला आलात आणि बघताक्षणी म्हणालात, "अंडं अडकलंय." मी पोट दाबून बघणार होते, तुम्ही माझा हात धरलात. आत अंडं फुटलं तर पक्षी जातो, हे मला कुठे ठाऊक होतं! बुटांचं खोकं, ६० वॅटचा पिवळा बल्ब, कोमट पाण्यात पिळलेला पंचा. "सकाळपर्यंत नाही आलं तर थेट परळला, जनावरांच्या हॉस्पिटलात," असं बजावून तुम्ही खुर्चीतच बसून राहिलात. पहाटे चारला अंडं आलं. कवच मऊ, पिशवीसारखं.

पण खरे आभार दुसऱ्या दिवशीच्या बोलण्याचे. तुम्ही विचारलंत, "ही कितवी वीण?" मी कौतुकाने सांगितलं, सलग चौथी. दिवसाआड एक अशी पाच-सहा अंडी, एकेक अंडं १८ दिवस उबवायचं, मग महिनाभर पिल्लांना भरवायचं, आणि ती अंड्यांसाठी टांगलेल्या मडक्याबाहेर पडतात न पडतात तोच पुन्हा अंडी. मडकं टांगलेलं असेल तर बजीची मादी थांबत नाही, स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम कवचात ओतत राहते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. आमच्या खोलीत ऊन नाही, खायला नुसतं राळं, मग ते कॅल्शियम भरून येणार कुठून? मी मात्र समजत होते, अंडी घालतेय म्हणजे सुखात आहे. "वर्षाला दोन विणी पुष्कळ झाल्या," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नाही तुमचा, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेस बांधलाय. सकाळी तासभर पिंजरा गॅलरीतल्या उन्हात असतो, मांजर येऊ नये म्हणून मी शेजारी बसते. मेथीची पानं तिला फार आवडतात. कालपासून ती नराच्या निळ्या नाकाशी पुन्हा चोच घासायला लागलीय.

मडकी घासून माळ्यावर ठेवलीत. पुन्हा कधी टांगायची, की टांगायचीच नाहीत, ते तुम्ही तिला हातात घेऊन, छाती चाचपून सांगा. रविवारी जिना चढू नका. पिंजरा घेऊन मीच येते.

तुमची,
समोरच्या चाळीतली