ऑफिसच्या बाईंना, जाहीर पत्र

सोलापूर

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

शाळेत पत्रं तुम्ही लिहायचात आणि खाली सही मोठ्या बाईंची असायची. म्हणून हे पत्र तुमच्या पत्त्यावर न टाकता चारचौघांत लिहितेय. शाळेचं कौतुक निघालं की शिक्षकांची नावं येतात, निकाल येतो, खो-खोचा संघही येतो. ऑफिसच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंपर्यंत कुणी पोचत नाही. (नाव मीही लिहीत नाहीये. लिहिलं तर तुम्ही ओरडाल, आणि तुमचं ओरडणं मला अजून आठवतं.)

माझी मुलगी आता आपल्याच शाळेत सहावीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसते. मागच्या बैठकीत ‘सर्वसमावेशक शाळा’ या विषयावर चांगला जाडजूड कागद आला. प्रत्येक मुलीला शाळा आपली वाटावी यासाठी काय काय करायचं, याची मोठी यादी होती. वाचता वाचता मी शेजारच्या पालकांना म्हटलं, अहो, हे तर आमच्या बाई जनरल रजिस्टर आणि निळं पेन घेऊन करायच्या की ओ!

पूर्व भागातलं आमचं घर तुम्हाला माहीत आहे. वडील पॉवरलूमवर, आई विड्या वळायची, घरात सगळी तेलुगू. आईला मराठी समजायचं, पण ऑफिसात तोंड उघडायला ती घाबरायची. प्रवेशाच्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली, तेव्हा तुम्ही मान वर करून म्हणालात, “कूचो अम्मा.” उच्चार काही धड नव्हता. आई हसली आणि बसली. मग तुम्ही आमचं आडनाव तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंत, लिहिलंत आणि वाचून दाखवलंत. आमची आडनावं मराठी कानाला अवघड जातात. माझ्या भावाचं आडनाव त्याच्या दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे आणि त्यापायी त्याने किती चपला झिजवल्या ते त्यालाच विचारा. माझ्या एकाही कागदात आजवर खोट निघाली नाही. कन्नड घरातल्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मैत्रिणींचीही नावं तुम्ही अशीच घरच्यांच्या तोंडून ऐकून लिहायचात.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते शिष्यवृत्तीचं.

सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात काय व्हायचं, ते त्या काळात शिकलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. “एससीच्या मुली उभ्या राहा. आता एनटीच्या. एसबीसीच्या कोण?” आम्ही पद्मशाली, म्हणजे विशेष मागास प्रवर्गात. मी उभी राहायची. बाकावर बसलेल्या मुली वळून वळून बघायच्या आणि त्या दिवशी डबा खायच्या वेळी वर्तुळं जरा बदललेली असायची. वर्गाच्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना फक्त मोजायचं होतं. सावित्रीबाईंच्या नावाच्या पैशांसाठी मुलींना असं उभं करायचं, याचं तेव्हा कुणाला काही वाटत नसे. मला वाटायचं, पण मी लहान होते.

ते तुम्ही बंद केलंत. भांडून नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की वर्गातून आलेल्या याद्या चुकतात, तेव्हा फॉर्म ऑफिसातच भरून घेऊ. मग शिपाईमामा हजेरी क्रमांकाची चिठ्ठी घेऊन यायचे. त्या चिठ्ठीत बोनाफाईड हवं असलेली, फी राहिलेली, पत्ता बदललेली अशा सगळ्या मुली मिसळलेल्या असायच्या. कोण कशासाठी चाललंय हे कुणाला कळायचं नाही. ही युक्ती होती हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर उमगलं. आणि खिडकीशी रांग असली की तुम्ही जात, वडील, घटस्फोट असले प्रश्न विचारायच्याच नाहीत. “तू मधल्या सुट्टीत ये,” म्हणून मोकळ्या. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. तेव्हा बापाचं नाव सांगता न येणारी मुलगी खिडकीशी नुसती अंग चोरून उभी राहायची. माझ्या वर्गात अशी एक होती. पालक म्हणून तुम्ही तिच्या आईचं नाव लिहिलंत आणि पुढचा नंबर पुकारलात.

सेटलमेंटमधून येणारी आमची मैत्रीणही तुम्हाला आठवत असेल. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ला ते कुंपण सुटलं, पण लोकांच्या डोक्यातलं सुटलं नव्हतं. वर्गात सहलीचे पैसे हरवले तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकाच बाकाकडे गेल्या आणि दप्तरही तिचंच उघडायला सांगितलं गेलं. तुम्ही कसलंसं रजिस्टर द्यायला आला होतात. दारातूनच म्हणालात, “तपासायची तर सगळ्यांची तपासा. माझ्या पर्सपासून सुरुवात करा.” आणि पर्स टेबलावर उलटी केलीत. चिल्लर, गोळ्यांची पाकिटं, बसचं तिकीट. मग कुणाचंच दप्तर उघडलं गेलं नाही. पैसे पुढे सापडले का, ते मला आठवतही नाही.

तिच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागत होता. ज्यांना गाव नव्हतं त्यांनी गावाचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न सरकारला पडत नाही. तुम्ही तिच्या आजोबांची शाळा कुठली ते विचारलंत, तिथल्या क्लार्कना गाठलंत आणि जुन्या रजिस्टरातली नोंद काढवून आणलीत. ती आज सरकारी नोकरीत आहे. तिने सांगितलंय, माझंही नाव घाल पत्रात. नाव घालत नाही, नमस्कार पोचवते.

१२ जानेवारीचं मात्र सांगायलाच हवं. मे १९३०च्या उठावानंतर सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. दरवर्षी शाळेत चार मुलींची भाषणं व्हायची. धनशेट्टींवर लिंगायत मुलगी, कुर्बान हुसेनांवर मुसलमान मुलगी, हे न बोलता ठरलेलं. ते चौघे एकत्र फासावर गेले म्हणून आपण सांगायचो आणि भाषणं वाटून घ्यायचो! एका वर्षी तुम्ही स्टाफरूममध्ये चहा घेता घेता म्हणालात, चिठ्ठ्या टाका. मला कुर्बान हुसेन आले आणि माझ्या बाकावरच्या शेख आडनावाच्या मैत्रिणीला सारडा. तिच्या घरी जाऊन मी भाषण पाठ केलं. तिच्या अब्बांनी माझे उर्दू उच्चार दुरुस्त केले, वर शिरकुर्मा खायला ईदला ये म्हणाले. गेले. अजून जाते.

तुम्ही गोड मुळीच नव्हतात. फी उशिरा आणली की सगळ्यांसमोर झापायचात, ते मला आजही पटत नाही. तेही मधल्या सुट्टीत चाललं असतं. पण पायाला कॅलिपर लावणाऱ्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर यावा म्हणून तुम्हीच वेळापत्रक घेऊन मोठ्या बाईंकडे दोनदा गेला होतात. आणि जन्मदाखला नाही म्हणून तुम्ही कुणाला परत पाठवलं नाहीत. तसं पाठवू नये, असा कायदा २००९ साली आला.

तर बाई, हे झाले आभार. आता काम. ऑफिसात नवीन मुलगी रुजू झालीय. कॉम्प्युटरवर चपळ आहे, पोर्टलवरची माहिती फटाफट भरते, पण खिडकीतून मोठ्याने जात विचारते. तिला कुणी सांगितलेलंच नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा पहिला आठवडा तुम्ही तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसाल का? मोठ्या बाईंशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. न्यायला-आणायला रिक्षा मी पाठवते. डबा आई देणार आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तुम्ही नाही म्हणाल हे तिला माहीत आहे, म्हणून ती स्वतःच तुम्हाला फोन करणार आहे. मराठीत.

आपली विद्यार्थिनी,
दहावी, १९९९ची बॅच