त्या कच्च्या वहीबद्दल

प्रिय ताई,

तुमच्या परदेशातल्या लॅबमधून परत येऊन बारा दिवस झाले. झोप अजून तिकडच्याच वेळेवर आहे, म्हणून हे पत्र पहाटे तीनला लिहितेय. निघताना 'थँक यू'चा मेसेज केला होता, त्यावर तुम्ही एक अंगठा पाठवून विषय मिटवलात. माझा काही मिटलेला नाही. आणि हे चारचौघांत लिहितेय, कारण ज्यांनी मला मोडता घातला त्यांनीही तो चारचौघांतच घातला होता.

त्यांचं आधी उरकते. परदेशी लॅबच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागायला गेले तर सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." स्वतःचं कौतुक स्वतःच टाईप केलं, लाज गिळून. मुदतीच्या दिवशी सरांचा फोन बंद. दुसऱ्या एकांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला, आईवडील किती शिकलेत ते विचारलं आणि म्हणाले, "तिकडे जाणारी मुलं वेगळी असतात, बाळा." मागे उभी असलेली पोरं हसली.

वेगळी म्हणजे कशी, ते आता कळलंय. त्यांच्या घरातलं कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं. अमेरिकेतली आरईयू, म्हणजे पदवीच्या मुलांना संशोधनाचा अनुभव देणारी योजना, तिथल्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठीच आहे, हे त्यांना जेवता जेवता कळतं. मला ते तिसरा अर्ज अर्धा भरल्यावर कळलं. सर्न या जिनिव्हाजवळच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची उन्हाळी योजना 1962 पासून चालू आहे, बाहेरच्या देशांतल्या मुलांनाही घेते, पण ती फिजिक्स, इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरवाल्यांची. बायोलॉजीच्या मुलीनं तिची स्वप्नं बघत दोन महिने घालवायचे नसतात. हेही सांगायला कुणी नव्हतं.

मग 41 ईमेल. उत्तर एक, तुमचं. खरं तर मी तुमच्या प्रोफेसरांना लिहिलं होतं. तुमच्या उत्तरात एक ओळ होती, जी मी त्या रात्री सात-आठ वेळा वाचली: "तिकीट लॅब काढेल, तू आधी भरून नंतर मागायचं नाही." 'नंतर परत मिळतील' या तीन शब्दांवर किती जणांची वाट अडते, हे ज्यांच्या घरात क्रेडिट कार्ड आहे त्यांना समजवणं कठीण. तुम्हाला समजवावं लागलं नाही.

पण मला लिहायचंय ते वहीबद्दल.

दुसरा आठवडा. माझी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, सलग तिसऱ्यांदा फसली होती. डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलच्या फोटोत एका कडेला लॅडरच्या, म्हणजे मापाच्या, पट्ट्या लखलखीत, बाकी सगळं काळं. एका डीएनएच्या तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर प्रती व्हायला हव्यात असं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली मुलगी मी, आणि समोर साधी एक रेघ नाही. शेजारच्या बाकावरचा मुलगा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. 'वेगळी असतात' हे वाक्य कानात वाजत होतं. त्या दिवशी मी न जेवता खोलीवर गेले.

सकाळी माझ्या बाकावर, पिपेटच्या स्टँडला टेकवून, एक निळ्या पुठ्ठ्याची वही उभी. चिठ्ठी नाही, काही नाही. तुम्ही तुमच्या मशीनपाशी, पाठमोऱ्या. लॅबची पक्की वही लॅबमध्येच राहते, तेव्हा ही तुमची कच्ची वही, बीएस्सीच्या दिवसांतली. एका पानात टिश्यूचा तुकडा खुणेला. पानावर इंग्रजीत तापमानं, मिनिटं, मायक्रोलिटर. आणि समासात मराठी, पेन्सिलीनं: "आज परत काही नाही." पुढच्या पानावर: "काही नाही." त्याच्या पुढच्या: "नाही." मोजलं तर असं नऊ वेळा. दहाव्या पानावर, ज्याच्याशिवाय प्रत सुरूच होत नाही त्या प्रायमरबद्दल: "प्रायमर घालायलाच विसरत होते. गाढव."

मी लॅबमध्ये मोठ्यानं हसले. तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाही.

मग माझी यादी काढून बसले. टॅक, म्हणजे प्रती काढणारा एन्झाइम, सगळ्यात शेवटी फ्रीझरमधून काढायचा असतो, आणि शेवटचं ते राहून जातं. तीनही वेळा राहून गेलं होतं. दुपारी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डबा उघडता उघडता म्हणालात, "तो ज्या जिवाणूतला, तो 1966 मध्ये हडसन फ्रीझ नावाच्या पोरानं वाढवला. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला. पदवीलाच होता, तुझ्यासारखा." थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा विद्यार्थी. पीसीआर जन्माला यायला अजून सतराएक वर्षं होती, म्हणजे त्या पोराला आपण काय वाढवतोय याचा पत्ताही नसणार. फ्रीझ आडनावाच्या माणसानं कढत पाण्यातला जीव शोधावा, हेही एक. मी पुस्तकात टॅक वाचला होता, ब्रॉकही वाचले होते. या मुलाबद्दल कुणी शिकवलं नव्हतं.

मला 'तू हुशार आहेस' म्हणणारे पुष्कळ भेटले, ताई. सर्टिफिकेटं देताना म्हणतात. आपली फजिती हातात आणून ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. इतकी मोठी माणसं इतक्या मोठ्या खुर्च्यांवर बसलेली असतात, आणि त्यांच्यातल्या एकालाही आपलं एक फसलेलं पान दाखवावंसं वाटत नाही, याचं आता राहून राहून नवल वाटतं. सरांच्याही कपाटात अशी एखादी वही असेलच की.

चौथ्या जेलमध्ये पट्टी आली. बारीक होती, तिरकी होती. फोटो मोबाईलवर आईला पाठवला. तिनं विचारलं, हे काय आहे? म्हटलं, मी केलेलं आहे.

या कामाचं पोस्टर छापायला टाकायचंय. आभारात तुमचं नाव आहे आणि वहीचाही उल्लेख करणार आहे, चालेल ना ते कळवा. 'गाढव' गाळते.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची